लढाईहून घरी आल्यावर

(मदतनिधी कार्यक्रमात एश्बॉर्न येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच आपल्या बालगोपाळांनी कोळीगीतावर इतका सुंदर नाच केला, आणि आता त्यांच्या पाठोपाठ मी उभी आहे. कार्यकारिणीने मला विषय दिला तेव्हाच एक प्रेमळ सूचनाही दिली होती : "ताई, फार रडवू नका हं, लोकांना नंतर जेवायचं आहे." प्रयत्न करते.

आजचा निधी माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहे. सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परेड येते, छातीवरची पदकं येतात, नाहीतर तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते. पण बहुतेक सैनिक या दोन्ही चित्रांत नसतात. ते लढतात, हातीपायी धड परत येतात, पेन्शन घेतात, गावात पिठाची गिरणी टाकतात किंवा बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात. मला बोलायचं आहे ते या धड परत आलेल्या माणसाबद्दल. मी स्वतः सैन्यातली नाही. मी समुपदेशक आहे, इथे जर्मनीत बरीच वर्षं हेच काम करते आहे, आणि माझं बालपण सातारा जिल्ह्यात गेलं. या दोन गोष्टींच्या जोरावरच मी हे धाडस करते आहे.

सातारकरांना अपशिंगे मिलिटरी हे गाव सांगायला नको. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे, आणि 'मिलिटरी' हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला आहे. कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. अशा गावांत अभिमान घराघरात असतो, आणि तो खराच असतो. पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. त्या ४६ जणांच्या बरोबर गेलेले जे परत आले, त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील? ते कुणी कुठे लिहून ठेवलं आहे का? स्तंभावर तर फक्त न आलेल्यांची नोंद असते.

थोडा इतिहास सांगते, म्हणजे ते कशातून आले हे कळेल. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा या गावात ब्रिटिशांच्या पूना डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत गेलं, शेवटी घोडे मारून खायची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्माच्या भीतीने कितीतरी दिवस ते मांस नाकारलं, आणि ते अधिकच खंगले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. मग वाळवंटातून पायपीट आणि रेल्वेमार्गावर मजुरी. त्यांतले जे वाचले ते दोन-अडीच वर्षांनी आपल्या सातारा-रत्नागिरीच्या वाडीवस्तीवर परतले आणि पावसाळ्यात भात लावायला उभे राहिले. घरच्यांनी त्यांना काय विचारलं असेल? "जेवलास का" याच्यापलीकडे काही विचारता येत नाही अशा वेळी.

याच काळात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं ब्रिटिश सेन्सॉर वाचत असे. मराठा पलटणी तिकडे फारशा नव्हत्या, तेव्हा ही पत्रं बहुतेक पंजाबकडची. शिपाई हुशार होते. गोरे सैनिक आणि हिंदी सैनिक यांच्यासाठी ते लाल मिरची आणि काळी मिरी असे सांकेतिक शब्द वापरत, आणि काळी मिरी कशी संपत चालली आहे ते घरी कळवत. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हॉवेल नावाच्या त्या मुख्य सेन्सॉर अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवलं होतं की पत्रांमधून कविता लिहिण्याचं प्रमाण वाढलं आहे, आणि हे मनाच्या अस्वस्थतेचं लक्षण असून काळजीचं आहे. बघा, सरकारी कारकुनी नजरेलाही ते दिसलं होतं. फक्त त्याला काळजी होती ती सैन्याच्या शिस्तीची.

आता जर्मनीकडे येते, कारण आपण जिथे राहतो त्या भूमीने या बाबतीत फार महागडे धडे घेतले आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण रविवारी आर्बोरेटममध्ये फिरायला जातात. मुलं सायकली चालवतात, आपण डबा घेऊन झाडाखाली बसतो. त्या जागेवर आणि तिच्या आसपास एकेकाळी एश्बॉर्नचा लष्करी विमानतळ होता. आधी जर्मन हवाई दलाचा, मग १९४५ नंतर अमेरिकनांचा. त्यांची छावणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे होती. आपली पोळी-भाजी आपण कुठे बसून खातो याची कल्पना असावी म्हणून सांगितलं.

तर पहिल्या महायुद्धात जर्मन इस्पितळांत एक नवीन प्रकारचे रुग्ण येऊ लागले. अंगावर जखम नाही, पण हातपाय सतत थरथरत आहेत, चालता येत नाही, वाचा गेली आहे. लोक त्यांना 'क्रीग्सत्सिटरर' म्हणत, म्हणजे युद्धाने थरथरणारे. डॉक्टरांमध्ये वाद पेटला. बर्लिनचे हेर्मान ओपेनहाइम म्हणत होते की आघात खरा आहे, हा आजार आहे. पण सप्टेंबर १९१६ मध्ये म्युनिकला भरलेल्या परिषदेत बहुसंख्य डॉक्टरांनी त्यांना खोडून काढलं. निष्कर्ष असा, की दोष युद्धाचा नाही, त्या माणसाच्या कमकुवत इच्छाशक्तीचा, शिवाय त्याला पेन्शन हवी आहे! त्याच वर्षी लुडविग्सहाफेनच्या फ्रित्स काउफमान या डॉक्टरांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : विजेचे जोरदार झटके द्यायचे, बरोबर लष्करी हुकूम सोडायचे, आणि थरथर थांबेपर्यंत सोडायचं नाही. काहींची थरथर खरोखर थांबली. विजेच्या या उपचारांत काहीजण दगावलेही. १९२६ मध्ये इथल्या विमा न्यायाधिकरणाने अशा मानसिक आजारांना भरपाई नाही असा निर्णय दिला, आणि कागदोपत्री प्रश्न मिटला.

पुढचं सांगताना माझा आवाज थोडा खाली जातो. इथून तासाभराच्या अंतरावर, लिम्बुर्गजवळ हादामार नावाचं गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात १९४१ च्या जानेवारी ते ऑगस्ट या काळात दहा हजारांहून अधिक रुग्णांना विषारी वायूने मारलं. नाझींच्या लेखी ते निरुपयोगी जीव होते. देशभर राबवलेल्या या मोहिमेत मारल्या गेलेल्यांमध्ये पहिल्या महायुद्धात मन मोडलेले जुने सैनिकही होते, हे संशोधकांनी नंतर कागदपत्रांतून दाखवून दिलं. ज्यांनी देशासाठी लढाई केली, त्यांनाच त्या देशाने पंचवीस वर्षांनी अडगळ ठरवलं. हादामारला आज स्मारक आहे. मोठ्या मुलांना घेऊन एकदा अवश्य जा.

पण सगळे डॉक्टर सारखे नव्हते, आणि हे सांगताना मला फ्रँकफुर्टकर म्हणून बरं वाटतं. त्याच युद्धाच्या काळात कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफुर्टमध्ये मेंदूला जखम झालेल्या सैनिकांसाठी एक संस्था उभी केली. तिथे उपचार होते, संशोधन होतं, आणि पुन्हा कामाला लावण्याचं शिक्षणही होतं. गोल्डस्टाइन वर्षानुवर्षं त्याच त्या माणसांना भेटत राहिले, ते कपडे कसे घालतात, टेबलावरच्या वस्तू कशा मांडतात हे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की हे सैनिक पराकोटीचे टापटिपीचे झाले आहेत. एखादी वस्तू इकडची तिकडे झाली तरी कोलमडतात. गोल्डस्टाइन म्हणाले की ही सनक नाही. आपल्याला न झेपणारा प्रसंग समोर येऊ नये म्हणून माणूस आपलं जग लहान करून घेतो आणि त्या लहान जगात सगळं जागच्या जागी ठेवतो. तो त्याचा जगण्याचा मार्ग आहे. १९३३ मध्ये नाझींनी गोल्डस्टाइन यांना ज्यू म्हणून अटक केली आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. ते गेले अमेरिकेला.

गोल्डस्टाइन यांचे रुग्ण मेंदूच्या जखमेचे होते, मी ज्यांच्याबद्दल बोलते आहे त्यांची कवटी शाबूत होती, हा फरक मला मान्य आहे. तरीही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतले सुभेदार काका आठवले.

सुभेदार काका श्रीलंकेत शांतिसेनेत होते. १९८७ ते १९९० ची ती मोहीम. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक तिथे गेले, आणि शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परत आली तेव्हा देशात स्वागताचा उत्साह असा नव्हताच. १९७१ च्या जवानांना हार मिळाले, यांना नाही मिळाले. काका निवृत्त होऊन घरी आले. चपला उंबऱ्याशी एका रेषेत. तांब्या-भांडं ठरलेल्या जागी. वाटी सरकली तर घरात वादळ. आम्ही मुलं हसायचो, मोठी माणसं म्हणायची, "मिलिटरी खाक्या आहे!" काका आत कधीच झोपायचे नाहीत, ओसरीवर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसल्या बसल्या डोळा लावायचे. दिवाळीत चार दिवस ते शेतावरच्या खोपीत जाऊन राहायचे. लोक म्हणत, राखणीला गेलेत. काकी काही बोलायच्या नाहीत. फक्त आमच्या आईला एकदा म्हणाल्या, "वहिनी, गेले ते हसरे होते. आलेत ते कुणी दुसरेच."

कुणी म्हणालं बाहेरचं आहे, देवाचं बघा. ते बघून झालं. मग दारू आली. एका इस्पितळात नेलं तर झोपेच्या गोळ्या देऊन परत पाठवलं, लढाईबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी त्या डॉक्टरांनाही फार दोष देत नाही. त्यांच्या समोर रांग होती. पण पुढे शिकताना माझ्या लक्षात आलं, की काकांच्या त्या एकेका विचित्र गोष्टीमागे सरळ कारण होतं.

ते कारण अगदी साध्या भाषेत सांगते. जिथे झाडीतून कधीही गोळी येऊ शकते, रस्त्यात सुरुंग असू शकतो, तिथे पान हललं तरी जागा होणारा माणूस वाचतो. पाठ भिंतीला लावून बसणारा वाचतो. समोरच्या पोराच्या पिशवीकडे संशयाने बघणारा वाचतो. महिनोन्‌महिने शरीर हे शिकतं, आणि जीव वाचवणारं शिक्षण शरीर सहजी विसरत नाही. रेल्वेचं तिकीट काढून माणूस दोन दिवसांत घरी पोचतो, पण त्याच्या शरीरातला पहारेकरी ड्युटीवरून उतरलेलाच नसतो. मग कुकरची शिट्टी, लक्ष्मी बार, इथे जर्मनीत सिल्व्हेस्टरच्या रात्रीचे फटाके, सगळ्याला तो पहारेकरी 'स्टँड टू' होतो. त्यात झोप नाही. झोप लागली तर स्वप्नं. स्वप्नं नकोत म्हणून जागरण, नाहीतर बाटली. आणि राग. सगळ्यात जास्त राग घरच्यांवर, कारण तिथेच तो काढता येतो.

याशिवाय एक गोष्ट असते जी गोळ्यांनी जात नाही. शेजारचा गेला, मी का राहिलो? किंवा, मी जे केलं ते कुणाला सांगू? भीतीवर उपचार करणं त्यामानाने सोपं असतं असा माझा अनुभव आहे. ही टोचणी अवघड.

१९८० मध्ये, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे, अमेरिकन मानसोपचार संघटनेने या आजाराला अधिकृत नाव दिलं, ज्याला आज आपण पीटीएसडी म्हणतो. मराठीत 'आघातोत्तर ताण विकार' असा शब्द आहे. माझी खात्री आहे की सुभेदार काकींना तो शब्द ऐकवला असता तर त्यांनी मला आधी पाणी प्यायला दिलं असतं. आपल्याकडे शौर्यासाठी पोवाडा आहे, विरहासाठी लावणी आहे. पण आलेल्या माणसाला झोप लागत नाही, तो पोराला जवळ घेत नाही, हे सांगायला बाईला कुठला शब्द? 'तापट झालेत' एवढाच.

अंगावरची जखम दिसते, तिला मान मिळतो, आणि मिळायलाच हवा. याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या अगदी जवळ घडलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमईमध्ये होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं, काही काळ स्मृतीही गेली होती असं त्यांनीच सांगितलं आहे. इस्पितळात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं आणि बॉक्सिंग करणारा हा गडी पोहू लागला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या इथल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यात पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मात्र मिळाली २०१८ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला. हायडेलबर्गचा किल्ला आपण पाहुण्यांना दहा वेळा दाखवतो, पुढच्या वेळी ही गोष्टही सांगा.

पुण्याला अशा जवानांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाय गेलेल्याला खुर्ची, हात गेलेल्याला नवा धंदा. झोप गेलेल्या माणसाने कुठे जायचं?

तो जात नाही. त्याला भीती असते की सर्व्हिस बुकात शेरा पडेल, प्रमोशन जाईल, जोडीदार हसतील, गावात पोरीचं लग्न अडेल. जुलै २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार त्याआधीच्या पाच वर्षांत आपल्या तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केली, त्यांतले ६४२ भूदलातले. हे सगळे युद्धाच्या आघातामुळे गेले असं मी मुळीच म्हणणार नाही. घरचे जमिनीचे वाद, रजा न मिळणं, कर्ज, वरिष्ठांशी खटके, पुष्कळ कारणं असतात. पण शांततेच्या काळातला हा आकडा आहे, आणि यांतल्या कुणाचं नाव कुठल्या स्तंभावर येत नाही.

जर्मनांना तरी हे उशिराच कळलं. ७ जून २००३ ला काबूलमध्ये जर्मन सैनिकांची बस उडवली गेली. मोहीम संपवून ते घरी यायला विमानतळाकडे निघाले होते. चार गेले, २९ जखमी झाले. अफगाणिस्तानात २००१ ते २०२१ या वीस वर्षांत ५९ जर्मन सैनिक मृत्यू पावले, आणि परतलेल्यांची संख्या नव्वद हजारांच्या वर. ड्रेस्डेनच्या विद्यापीठाने परतलेल्यांचा अभ्यास केला तेव्हा सुमारे दोन टक्के जणांना पीटीएसडी आढळला. टक्केवारी कमी वाटते, पण त्यातल्या जवळपास निम्म्यांचा आजार कुणाच्या लक्षातच आलेला नव्हता. इथे २००७ मध्ये कायदा झाला की मोहिमेत जखमी झालेल्याला, मनाने जखमी झालेल्यालाही, उपचार चालू असेपर्यंत नोकरीवरून काढता येणार नाही. बर्लिनच्या सैनिकी रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. आणि मला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे 'लोट्से'. बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या वाटाड्याला हा शब्द आहे. सैन्यातलीच प्रशिक्षण घेतलेली माणसं आजारी सहकाऱ्याबरोबर फॉर्म भरण्यापासून डॉक्टरपर्यंत जातात. फॉर्मचं महत्त्व जर्मनीत राहणाऱ्यांना मी काय सांगणार! १५ जून २०२५ ला इथे पहिल्यांदा माजी सैनिक दिन पाळला गेला. पहिल्या महायुद्धातल्या त्या थरथरणाऱ्यांपासून इथवर यायला शंभर वर्षं लागली.

आपल्याकडेही दार उघडू लागलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस' ही सरकारी मोफत फोनसेवा सुरू झाली. नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये याच सेवेचा सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. हा नंबर आपल्या भारतातल्या नातेवाइकांना आज रात्रीच पाठवून द्या. ज्याला गरज आहे तो बहुधा फोन करणार नाही, त्याची बायको करेल. म्हणून घरच्यांना नंबर द्या.

आणि सुट्टीत गावी गेलात, अशा कुणा काकांना भेटलात, तर "किती मारले हो?" असं विचारू नका. मुलांनाही विचारू देऊ नका. "झोप लागते का हल्ली?" असं विचारा. ते बोलले तर ऐका, नाही बोलले तर बरोबर चहा प्या. फटाके लावायच्या आधी सांगून ठेवा, अचानक आवाज होण्यापेक्षा ठरलेला आवाज सोसवतो. दारू पिणाऱ्याला चारचौघांत लाज आणू नका, त्याच्या बायकोला एकटं गाठून तिची चौकशी करा. तिला पंधरा-वीस वर्षांत बहुधा कुणी विचारलेलं नसतं.

सुभेदार काका अजून आहेत. त्यांच्याच रेजिमेंटचे एक निवृत्त हवालदार शेजारच्या गावात राहायला आले. ते दोघे रोज संध्याकाळी पारावर बसू लागले. काय बोलायचे कुणास ठाऊक. पण दोन-तीन वर्षांत काकांची बाटली कमी झाली. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा काकी म्हणाल्या, हल्ली ते आत झोपतात, मात्र दार उघडं ठेवून.

निधीची पेटी दाराजवळ उजव्या हाताला आहे, पावती हवी असेल त्यांनी खजिनदारांकडे पूर्ण पत्ता द्यावा. कुणाला आपल्या घरातल्या कुणाबद्दल काही विचारायचं असेल तर मी जेवणानंतर मागच्या बाजूला, चहाच्या टेबलापाशी थांबते आहे.